गिअरपेटीतील झडपा आणि घरची दुरुस्ती

साधी मोटार चालवणाऱ्या माणसाचा डावा पाय आणि डावा हात दिवसभर एक काम करीत असतात आणि सवयीमुळे त्या कामाची जाणीवही त्याला उरलेली नसते. वेग वाढला की पाय क्लच दाबतो, हात गिअरचा दांडा सारतो आणि हे केव्हा करायचे ते कान एंजिनाच्या आवाजावरून सांगतो. स्वयंचलित गिअरपेटी असलेल्या मोटारीत हे तिन्ही अवयव मोकळे होतात. काम मात्र नाहीसे झालेले नसते; ते दुसऱ्या कोणीतरी अंगावर घेतलेले असते. गिअरपेटीत, बहुधा तिच्या तळाशी, तेलात बुडून राहणारा अॅल्युमिनिअमचा एक पसरट ठोकळा हे काम करतो. त्याच्या पोटात तेलाच्या नागमोडी वाटा कोरलेल्या असतात आणि त्या वाटांवर लहानलहान झडपा पहारा करीत असतात. मेकॅनिक लोक या ठोकळ्याला ‘व्हॉल्व्ह बॉडी’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

हा ठोकळा बिघडला की मोटार गिअर बदलताना हिसके देऊ लागते, कधी रिव्हर्स लागण्यास विलंब होतो, कधी ती एकाच गिअरमध्ये अडून बसते. अशा वेळी अनेकदा सबंध गिअरपेटी बदलण्याचा सल्ला मिळतो आणि त्याचा खर्च ऐकून मालकाचा धीर सुटतो. वास्तविक पुष्कळ मोटारींत व्हॉल्व्ह बॉडी तेवढी, गिअरपेटी खाली न उतरवता, काढून बदलता येते. नीट तयारी असेल तर हे काम घराच्या अंगणातही होऊ शकते. मात्र हे काम लोहाराचे नाही, घड्याळजीचे आहे. त्यात बळ थोडे लागते. निदान, क्रम आणि स्वच्छता या तीन गोष्टी फार लागतात. त्यांतही निदान चुकले तर बाकीच्या दोहोंचा काही उपयोग होत नाही.

पायाचे काम तेलाकडे

एंजिनाची शक्ती तेलामार्फत पुढे पाठवावी ही कल्पना मोटारीतून आलेली नाही. ती जहाजातून आली. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांसाठी अशा यंत्रणेचे पेटंट घेतले. समोरासमोर ठेवलेल्या दोन विजेच्या पंख्यांची कल्पना करावी. एक पंखा चालू केला की त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घातले आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवले की झाले. पात्यांच्या मधोमध तेलाला वळवणारे तिसरे चक्र बसवले म्हणजे पिळाचा जोरही वाढवता येतो. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. मोटार सिग्नलला थांबली तरी एंजिन बंद पडत नाही, कारण एक पंखा फिरत असतो आणि दुसरा थबकून राहू शकतो.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारीत ‘हायड्रामॅटिक’ नावाची गिअरपेटी दिली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ही पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी. तिच्यात चार गिअर होते आणि ते बदलण्याचा निर्णय सर्वस्वी तेलाचा दाब घेत असे. १९४९ मध्ये याच कंपनीने अशा गिअरपेट्यांच्या तेलासाठी ‘टाइप ए’ हे पहिले मानक ठरवून दिले. हे तेल सहसा तांबडे असते. रंगामुळे त्याच्या गुणांत फरक पडत नाही; मोटारीखाली गळलेले तेल एंजिनाचे की गिअरपेटीचे, हे ओळखता यावे एवढाच त्याचा हेतू.

गिअरपेटीच्या आत ग्रहमालिकेसारखी रचना असते. मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि त्यांना बाहेरून वेढणारे आतल्या बाजूस दाते असलेले कडे. या तिघांपैकी एकाला धरून ठेवले आणि दुसऱ्याला फिरवले, की तिसरे वेगळ्या गतीने फिरते. कोणाला धरायचे आणि कोणाला फिरवायचे हे बदलले की गिअर बदलतो. दात्यांतून दाते काढण्याची गरजच पडत नाही. धरण्यासाठी घर्षण-चकत्यांचे क्लच असतात आणि त्या चकत्या तेलाच्या दाबाने एकमेकींवर आवळल्या जातात. म्हणजे कोणत्या क्षणी, कोणत्या क्लचकडे, किती दाबाने तेल पाठवायचे एवढाच काय तो प्रश्न उरतो. त्याचे उत्तर देणे हे व्हॉल्व्ह बॉडीचे काम.

झडप निर्णय कसा घेते

व्हॉल्व्ह बॉडीतील झडप दोऱ्याच्या रिळासारखी दिसते. एका बारीक दांड्यावर ठराविक अंतरांवर जाड भाग असतात. हे रीळ एका गुळगुळीत नळीत मागेपुढे सरकते. जाड भाग नळीच्या भिंतीतील भोकासमोर आला की वाट बंद होते. बारीक भाग आला की वाट मोकळी होते. जुन्या गिअरपेट्यांत या रिळाच्या एका टोकावर मोटारीच्या वेगाप्रमाणे वाढणारा तेलाचा दाब येत असे. दुसऱ्या टोकावर एक स्प्रिंग आणि चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला आहे त्याप्रमाणे वाढणारा दाब असे. वेगाच्या दाबाने दुसऱ्या बाजूवर मात केली की रीळ सरके, नवी वाट उघडे आणि वरचा गिअर पडे. चढावर चालकाने पाय जोराने दाबला तर दुसरी बाजू वरचढ होई आणि गिअर खाली येई. वाण्याच्या तराजूत जसे माप आणि माल एकमेकांना तोलतात तसाच हा प्रकार होय. विजेचा काडीचाही आधार न घेता हा तराजू लाखो मोटारींत अनेक दशके काम करीत राहिला.

१९८० नंतरच्या काळात हा निर्णय हळूहळू संगणकाकडे गेला. चाकाचा वेग, एंजिनाचा भार, तेलाचे तापमान यांची मोजमापे त्याच्याकडे येतात आणि तो सोलेनॉइडना विद्युतप्रवाह देतो. सोलेनॉइड म्हणजे तारेच्या वेटोळ्यामुळे हलणारी छोटी झडप. ती तेलाचा दाब कमीजास्त करते आणि तो दाब रिळांना सरकवतो. निर्णय विजेचा झाला, पण त्याची अंमलबजावणी आजही तेल आणि रीळच करतात. दोष नेमका कोठे आहे हे ठरवताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

रीळ आणि नळी यांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. त्याहून कमी झाली तर रीळ अडकते, जास्त झाली तर तेल झिरपते आणि दाब पडतो. बंगळुरूला ही बारकाई नवी नाही. १९५१ मध्ये येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. लोक तिला ‘मायको’ म्हणत. पुढे २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले. डिझेल एंजिनाला इंधन पुरवणाऱ्या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांची जोडी याहूनही घट्ट बसवावी लागते आणि ते काम येथील कामगारांच्या हाती आहे. शहराजवळच्या बिडदी येथेही गिअरपेट्यांचे काम चालते. १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या जोडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात २००४ पासून हाताने बदलायच्या गिअरपेट्या तयार होऊ लागल्या. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलींच्या एका दुकानापासून झाला होता, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच.

बिघाड का होतो

व्हॉल्व्ह बॉडीत वेगाने फिरणारे असे काही नसते. मग ती बिघडते कशाने? याचे उत्तर बहुतेक वेळा तेलात सापडते. टॉर्क कन्व्हर्टरमधील दोन पंख्यांच्या वेगांत फरक पडला की तेल घुसळले जाते आणि तापते. मोकळ्या महामार्गावर हा फरक अगदी थोडा असतो. शिवाय आधुनिक गाड्यांत तेथे एक क्लच दोन्ही पंख्यांना जखडून टाकतो. परंतु सिल्क बोर्ड चौकात किंवा बाह्य वर्तुळाकार मार्गावर संध्याकाळी मोटार हातभर पुढे सरकते आणि थांबते, तेव्हा घुसळण सतत चालू राहते. तेल थंड करणाऱ्या जाळीवरून वाराही पुरेसा वाहत नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवा सौम्य आहे. पण गिअरपेटीच्या आतील हवामान शहराच्या हवामानावर अवलंबून नसते, रहदारीवर असते.

तापलेले तेल काळपट होते आणि त्याचे वंगणाचे गुण उतरतात. चकत्यांची झीज त्यात मिसळते. ही बारीक पूड रिळांच्या फटीत शिरते. कधी रीळ चिकटते, कधी अॅल्युमिनिअमची नळी घासून सैल होते. सोलेनॉइडच्या जाळीत कचरा बसतो. ठोकळ्याच्या दोन अर्ध्या भागांमधील गॅस्केट फाटले तर एका वाटेचे तेल दुसऱ्या वाटेत शिरते. म्हणून ‘हे तेल कधीच बदलावे लागत नाही’ हे वाक्य ऐकले तरी अशा रहदारीत राहणाऱ्याने त्यावर विसंबू नये. कार्यशाळा-पुस्तिकेत खडतर वापरासाठी दिलेली मुदत पाळावी.

आधी निदान

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार या कामात वारंवार घडतो. नवी व्हॉल्व्ह बॉडी बसते, पैसे खर्च होतात आणि हिसका होता तसाच राहतो; कारण दोष तेलाच्या पातळीत, एखाद्या तारेत किंवा झिजलेल्या चकत्यांत असतो. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात.

पहिली तपासणी तेलाची. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि दाब डळमळतो. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. तांबडे किंवा तपकिरी असेल तर ठीक. काळे आणि जळका वास येणारे तेल चकत्या जळल्याचे लक्षण आहे. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर त्यात पाणी शिरले आहे, बहुधा रेडिएटरमधून.

दुसरी तपासणी विजेची. मोटारीच्या निदान-सॉकेटला वाचक-यंत्र जोडून संगणकाने नोंदलेले दोष-संकेत लिहून घ्यावेत. संकेत सोलेनॉइडचा असेल तर बाहेरच्या जोडणीपाशी मीटरने रोध मोजावा. अनेक साध्या, उघड-मीट करणाऱ्या सोलेनॉइडांचा रोध ११ ते १५ ओहम असतो. दाब नियंत्रित करणाऱ्यांचा त्याहून कमी असतो. नेमके आकडे पुस्तिकेत मिळतात. वेटोळे तुटले असेल तर एक सोलेनॉइड बदलून भागू शकते आणि जोडणीत पाणी शिरले असेल तर तेवढाही खर्च येत नाही.

तिसरी तपासणी वेळेची. तेल गरम असताना हातब्रेक ओढून, पायाचा ब्रेक घट्ट दाबून, दांडा न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकावा आणि गिअर धरल्याचा सूक्ष्म धक्का किती वेळाने जाणवतो ते मोजावे. मग मिनिटभर थांबून रिव्हर्ससाठी तसेच करावे. पुष्कळ पुस्तिकांत पहिल्यासाठी १.२ आणि दुसऱ्यासाठी १.५ सेकंद ही कमाल मर्यादा दिलेली आढळते. दोन्हीकडे विलंब असेल तर मुख्य दाबच कमी असावा. एकाच बाजूस असेल तर त्या बाजूची वाट किंवा त्या बाजूचा क्लच संशयित ठरतो. गिअरपेटीवरील तपासणी-छिद्राला दाबमापक लावता आला तर हा संशय आकड्यांत उतरतो.

चौथी आणि शेवटची तपासणी ऑइल पॅन, म्हणजे गिअरपेटीच्या तळाची परात, उतरवल्यावर होते. परातीतील चुंबकांवर करड्या रंगाचा मऊ लेप असणे ही नेहमीची झीज होय. परंतु पोलादाचे कण, पितळेचे तुकडे किंवा काळ्या चकत्यांचे पापुद्रे दिसले तर काम तेथेच थांबवावे. तेव्हा दोष झडपांपुरता राहिलेला नसतो आणि नव्या व्हॉल्व्ह बॉडीतही तोच कचरा जाणार असतो. सोनारानेच कान टोचावे, तसे पुढचे काम गिअरपेटी उघडणाऱ्या कारागिराकडेच सोपवावे.

येथे आणखी एक सीमा स्पष्ट केली पाहिजे. क्लच नसलेली प्रत्येक मोटार आतून सारखी नसते. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर भारतात लोकप्रिय झालेली पद्धत मूलतः हाताची गिअरपेटीच आहे. तिचा क्लच आणि दांडा यंत्र हलवते. पट्ट्यावर चालणाऱ्या आणि दुहेरी क्लचच्या गिअरपेट्या आणखी निराळ्या. त्यांपैकी काहींत दाबाखालील तेलाचा साठा असतो आणि भाग बदलल्यावर संगणकाला तो शिकवावा लागतो. या लेखातील कृती टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या, खालून उघडणाऱ्या गिअरपेटीसाठी आहे.

जागा आणि सुटा भाग

या कामासाठी सपाट, टणक जमीन हवी. सदनिकांच्या तळघरात वाहनतळावर दुरुस्ती करण्यास अनेक सोसायट्या मनाई करतात. ती परवानगी आधी घ्यावी. उघड्या अंगणात काम करायचे तर वारा आणि पाऊस नसलेली सकाळ निवडावी. उन्हाळ्यात येथील तांबडी धूळ प्रत्येक वस्तूवर बसते आणि ऑक्टोबरमध्येही पाऊस अवचित येतो. आदल्या दिवशी गिअरपेटीचा तळ ब्रशने धुऊन कोरडा करावा, म्हणजे परात उघडताच वरची माती आत पडणार नाही. पुसण्यासाठी धागे सुटणाऱ्या सुती चिंध्या वापरू नयेत. एक धागाही झडप अडवू शकतो.

केवळ जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. वजन पेलणाऱ्या स्टँडवर ती स्थिर करावी, जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि खाली जाण्यापूर्वी मोटार हाताने ढकलून पाहावी. काम करताना जवळ दुसरे माणूस असावे.

सुटा भाग आणताना मोटारीचे नाव पुरेसे नसते. त्याच नावाच्या मोटारीत वर्षागणिक गिअरपेटी बदललेली असते, म्हणून गिअरपेटीवरील पट्टीचा क्रमांक उतरवून न्यावा. बंगळुरूत जयचामराजेंद्र मार्गावर, म्हणजे जे. सी. रोडवर, सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे भागही मिळतात. मोडीतला भाग स्वस्त असतो. पण ज्या रोगाने आपली व्हॉल्व्ह बॉडी गेली तोच रोग त्यातही असू शकतो. नवा किंवा तपासून दुरुस्त केलेला, हमी असलेला भाग अधिक चांगला. काही कंपन्या प्रत्येक व्हॉल्व्ह बॉडीबरोबर तिचे मोजमाप सांगणारा संकेत देतात आणि तो संगणकात भरावा लागतो. ही सोय आपल्याजवळ आहे का, हे भाग विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

प्रत्यक्ष काम

बॅटरीची ऋण बाजू सोडवून काम सुरू करावे. चटका बसणार नाही इतपत तेल निवलेले असावे. निचऱ्याचा बोल्ट काढून तेल मोजपात्रात घ्यावे आणि किती निघाले ते लिहून ठेवावे. नवे तेल किती घालायचे याचा पहिला अंदाज येथूनच मिळतो. परातीचे बोल्ट काढताना एका बाजूचे थोडे लांबवावेत, म्हणजे उरलेले तेल एका कोपऱ्यातून ओघळेल. परात चिकटली असेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकू नये. कडेवर पडलेला ओरखडा पुढे कायमची गळती होतो.

परातीमागे गाळणी असते. ती काढली की व्हॉल्व्ह बॉडी दिसू लागते. तिच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक विद्युत-जोडणीवर काढण्यापूर्वीच खुणेची चिठ्ठी बांधावी आणि छायाचित्र घ्यावे. तापलेल्या तेलात वर्षे काढलेले प्लॅस्टिक ठिसूळ होते. तारेला धरून ओढू नये, खटका दाबूनच जोडणी सोडवावी.

ठोकळा धरून ठेवणारे बोल्ट एका लांबीचे नसतात. यासाठी जुने कारागीर एक सोपी युक्ती करतात. पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीची आकृती काढतात, बोल्टच्या जागी भोके पाडतात आणि निघालेला बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवतात. आखूड जागी लांब बोल्ट आवळला तर तो गिअरपेटीचे कवच फोडू शकतो आणि मग खरोखरच सबंध पेटी बदलावी लागते.

शेवटचे दोन बोल्ट काढताना ठोकळा खालून हाताने पेलून धरावा. तो काही किलो वजनाचा असतो आणि तेलाने निसरडा झालेला असतो. काही रचनांत त्याच्या मागे स्प्रिंग आणि छोटे दट्टे असतात. ठोकळा सुटताच ते खाली येतात. कोणता कोठून आला हे पाहण्यासाठी घाई न करता, सरळ रेषेत खाली घ्यावा. चालकाच्या दांड्याला जोडलेली एक झडप असते. तिच्या खाचेत गिअरपेटीतील खिळा अडकवलेला असतो. तो नीट सोडवावा.

जुना ठोकळा उघडून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोन अर्ध्या भागांत लहानलहान पोलादी गोळ्या असतात आणि ठोकळा उलटा उघडताच त्या घरंगळतात. कोणती कोणत्या खाचेची हे नंतर सांगता येत नाही. उघडण्याऐवजी जुना आणि नवा ठोकळा शेजारीशेजारी ठेवून छिद्रे, सोलेनॉइड आणि जोडण्या एकेक करून ताडून पाहाव्यात. एकही फरक आढळला तर नवा भाग बसवू नये.

बसवताना नव्या रबरी कड्यांना गिअरपेटीचेच तेल लावावे. कडे जागी राहत नसेल तर किंचित व्हॅसलीन चालते. ते तेलात विरघळून जाते. जाड ग्रीस चालत नाही. दांड्याचा खिळा झडपेच्या खाचेत बसला आहे याची खात्री करावी. तो बाहेर राहिला तर दांडा हलतो, पण झडप हलत नाही, आणि हे सर्व काम पुन्हा उघडावे लागते. सर्व बोल्ट आधी बोटांनी बसवावेत, मग मधून बाहेर या क्रमाने, दोन फेऱ्यांत आवळावेत. पुष्कळ गिअरपेट्यांत येथील आवळ सुमारे १० न्यूटन-मीटर असतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी पाच किलो वजन टांगल्याइतका हा जोर होय. सवयीच्या हाताला तो फारच थोडा वाटतो, म्हणून अंदाजावर न राहता आवळ दाखवणारा टॉर्क रेंचच वापरावा. जास्त आवळलेला अॅल्युमिनिअमचा ठोकळा किंचित मुरडतो आणि नवी रिळे त्याच क्षणी अडकू लागतात.

नवी गाळणी, पुसून स्वच्छ केलेले चुंबक, नवे गॅस्केट आणि परात या क्रमाने तळ बंद करावा. दांड्याच्या प्रत्येक स्थितीत तो मोकळा फिरतो हे एंजिन बंद असतानाच पाहून घ्यावे.

तेल, पहिली फेरी आणि जुने तेल

नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या मानकाचेच हवे. आधी निघाले होते तेवढे घालून, दोन्ही ब्रेक लावून, एंजिन सुरू करावे आणि दांडा प्रत्येक स्थितीत काही सेकंद ठेवत फिरवावा, म्हणजे रिकाम्या वाटा भरतात. पातळी अखेरची तपासायची ती पुस्तिकेतील तापमानालाच; गरम तेल फुगते, म्हणून थंड असताना पाहिलेली पातळी फसवते. संगणकाने जुन्या, झिजलेल्या झडपांशी जुळवून घेतलेले असते. ती जुनी सवय वाचक-यंत्राने पुसून नव्याने शिकवावी लागते. हे न केल्यास चांगली व्हॉल्व्ह बॉडीही पहिले काही दिवस हिसके देते आणि मालक विनाकारण निराश होतो.

पहिली फेरी रविवारी पहाटे, वस्तीतील मोकळ्या रस्त्यावर, हलक्या पायाने घ्यावी. परत आल्यावर तळ पुसून गळती पाहावी आणि वेळेची तपासणी पुन्हा करून पूर्वीच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहावेत. दुरुस्ती झाली की नाही, हे मनाच्या समाधानावरून नव्हे, या दोन ओळींवरून ठरते.

आता उरते ते जुने तेल. ते गटारात ओतले की संपले, असे पुष्कळांना वाटते. बंगळुरूत पावसाचे पाणी वाहून नेणारे जुने मोठे नाले, ज्यांना येथे ‘राजकालुवे’ म्हणतात, ते तलावांना जाऊन मिळतात. सांडपाण्याने भरलेल्या बेळंदूर तलावावर फेस साचला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्या तलावावर आगही लागली, हे देशाने पाहिले. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते झाकणाच्या डब्यात भरून, अधिकृत संकलकाकडे तेल देणाऱ्या एखाद्या गॅरेजकडे पोहोचते करावे. निचऱ्याचे तेल मोजून लिहिलेले असल्यामुळे ते सगळे डब्यात आले की नाही, हेही आपल्याला कळते.

या कामात घरच्या माणसाचा एक दिवस जातो. अनुभवी कारागिराचे काही तासांत होते. तरीही ते करून पाहणाऱ्याला पैशांखेरीज आणखी एक लाभ होतो. पुढच्या वेळी मोटारीने हिसका दिला की तो घाबरून सबंध पेटीचा खर्च मान्य करीत नाही. तो आधी तेलाचा थेंब कागदावर टाकतो, दोष-संकेत वाचतो, सेकंद मोजतो आणि मग कारागिरापुढे जाऊन नेमके प्रश्न विचारतो. दुरुस्ती त्याने स्वतः केली किंवा दुसऱ्याकडून करून घेतली, तरी निर्णय मात्र त्याचा स्वतःचा असतो.